जोड आणि पैज

नागपंचमीला आमच्या उज्जयिनीत दोन ठिकाणी गर्दी लोटते. महाकालेश्वराच्या मंदिरात अगदी वरच्या मजल्यावर नागचंद्रेश्वराचे स्थान आहे. त्याचे दार वर्षातून त्या एकाच दिवशी उघडते आणि दर्शनासाठी आदल्या रात्रीपासून रांगा लागतात. दुसरी गर्दी असते ती आखाड्यांभोवती. नागपंचमीला कुस्त्यांचे मैदान भरविणे हा माळव्यातला जुना प्रघात आहे. शिंद्यांच्या अमदानीत येथे येऊन स्थायिक झालेल्या आम्हां मराठी कुटुंबांना तो परका कधीच वाटला नाही. देशावरची तालीम आणि माळव्यातला आखाडा यांची माती एकच.

लहानपणी वडिलांचे बोट धरून मी ती मैदाने पाहिली. कुस्तीपेक्षाही माझे लक्ष लागे ते जोड लावण्याकडे. लंगोट कसलेली दोन पोरे वस्तादापुढे येऊन उभी राहत. वस्ताद त्यांच्या मानेकडे पाही, मांड्यांकडे पाही, एखाद्याचा पंजा आपल्या हातात घेऊन दाबून पाही. वय विचारी, मेहनत किती वर्षांची ते विचारी. मग एकाला बाजूला सारून तिसऱ्याला पुढे घेई आणि दोघांचे हात एकमेकांत देई. वडील म्हणत, “निम्मी कुस्ती जोड लावतानाच होऊन जाते, बरे का!” त्या वाक्याचा अर्थ मला पुरता कळला तो अगदी अलीकडे, आणि तोही कुस्तीच्या मैदानावर नव्हे, माझ्याच घरातल्या ओसरीवर. आज तीच हकीकत आपणांस सांगावयाची आहे.

सन २०२४ च्या दिवाळीत माझा भाचा सुटीसाठी आला होता. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मुलगा हुशार, मनमिळाऊ आणि खेळाचा भोक्ता. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी तो माझ्यासमोर एक वही घेऊन बसला आणि म्हणाला, “मामा, तुम्ही आयुष्यभर गणित शिकवलेत. माझे एवढे तपासून द्या.” वहीत अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलच्या सामन्यांची टाचणे होती. तिकडे रात्री सुरू झालेला सामना इकडे पहाटे किंवा सकाळी दिसतो. हा पठ्ठ्या पहाटे उठून तो पाही आणि एका माणसामार्फत त्यावर पैसे लावी. पहिल्या नऊ पैजांपैकी सात त्याने जिंकल्या होत्या.

बास्केटबॉलचा खेळ १८९१ साली मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकाने शोधून काढला. हिवाळ्यात बंदिस्त जागेत मुलांना खेळता यावे म्हणून त्याने सज्जाला पीचची फळे ठेवण्याच्या दोन टोपल्या टांगल्या. आज त्या देशातल्या व्यावसायिक लीगमध्ये प्रत्येक संघ एका हंगामात ८२ साखळी सामने खेळतो, प्रत्येक सामना ४८ मिनिटांचा असतो आणि एका वेळी पाच विरुद्ध पाच खेळाडू मैदानात असतात. म्हणजे वरवर पाहता हा संघांचा खेळ. पण आत डोकावले तर पाच कुस्त्या एकदम चाललेल्या असतात. कोणी कोणाला अडवावयाचे, हा तेथला पहिला प्रश्न.

भाच्याची वही याच प्रश्नाची होती. समोरच्या संघाचा उंचापुरा मध्यस्थ टोपलीखाली भारी पडतो, पण त्याला टोपलीपासून दूर ओढून आणले तर त्याचे पाय मंद पडतात. अमुक चपळ खेळाडूला रोखण्यासाठी तमुक जण लागतो, पण तो घोट्याच्या दुखापतीतून नुकताच उठला आहे. एक खेळाडू वाटेत आड उभा राहून आपल्या सोबत्याला मोकळे करतो, तेव्हा अडविणाऱ्यांना माणसे बदलून घ्यावी लागतात आणि बुटक्याच्या वाट्याला उंच येतो. हा संघ कालच दुसऱ्या शहरात खेळून रात्रीचा प्रवास करून आला आहे. तो मात्र दोन दिवस विसावलेला आहे. असे सारे त्याने रकाने पाडून, नेटकेपणाने लिहिले होते. श्रोतेहो, मी खोटे बोलणार नाही. वही वाचून मला कौतुक वाटले. हा अभ्यास जुगाऱ्याचा दिसत नव्हता, विद्यार्थ्याचा दिसत होता. आमचा वस्ताद पंजा दाबून जे पाही, तेच हा पोरगा आकड्यांतून पाहत होता.

जोडीला अर्थ आहे, हे कोण नाकारील? गामा पहिलवान आणि पोलंडचा झ्बिस्को यांची गोष्ट जुन्या शौकिनांना ठाऊक आहे. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये हे दोघे भिडले. गामाचा सपाटा ओळखून झ्बिस्कोने पालथे पडून राहण्याचा बचाव धरला आणि सुमारे अडीच तासांनंतरही कुस्ती निकाली झाली नाही. आठवड्याने ती पुन्हा व्हावयाची होती. झ्बिस्को आलाच नाही. पुढे १९२८ साली पतियाळात तेच दोघे पुन्हा समोरासमोर आले आणि एक मिनिट पुरे होण्याच्या आत झ्बिस्कोची पाठ लागली. लंडनमध्ये साधलेला बचाव मांडण्यास त्याला पतियाळात सवडच मिळाली नाही. माणसे तीच, निकाल मात्र एकदा अडीच तासांची बरोबरी आणि एकदा क्षणार्धात चीत! मग या जोडीविषयी आधी काय भाकीत करावे?

आपल्या खाशाबा जाधवांचे उदाहरण घ्या. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये अनोळखी मॅटवर लढून सहावा आला आणि १९५२ साली हेलसिंकीत त्याने ब्राँझपदक मिळविले. जपानच्या इशीशी झालेल्या लढतीनंतर पुरेशी विश्रांती न मिळताच त्यांना सोव्हिएत मल्लाशी लढावे लागले, असे सांगतात. वजन, उंची, डावपेच सारे काही कागदावर मांडता येते. पण थकव्याचा रकाना कोण भरणार?

मी भाच्याला म्हणालो, “तुझे निरीक्षण चोख आहे. आता मोजणी पाहू.” एका खेळाडूसमोर अमुक अडविणारा आला की त्याचे नेम चुकतात, असे त्याने लिहिले होते. मी विचारले, “किती वेळा पाहिलेस?” म्हणाला, “दहा नेम. त्यांतले तीनच बसले.” आता ज्याचे एरवी शंभरातले ४५ नेम बसतात, अशा खेळाडूने दहा नेम मारले तर त्यांतले तीन किंवा त्याहून कमी बसण्याचा संभव निव्वळ योगायोगाने सुमारे २७ टक्के असतो. सहा किंवा त्याहून अधिक बसण्याचा संभवही जवळजवळ तेवढाच, सुमारे २६ टक्के. म्हणजे अडविणारा कोणीही असो, चारांतून एकदा असे घडणारच. वेगवेगळ्या विभागांतले दोन संघ तर साखळीत हंगामातून दोनदाच भेटतात. दोन भेटींवरून जोडीचा स्वभाव ठरविणे म्हणजे दोन दिवसांच्या पावसावरून चातुर्मासाचे भविष्य सांगणे होय.

शिवाय जोडी एक नसते. पाचांसमोर पाच उभे राहिले की एकाला एक अशी वाटणी १२० प्रकारांनी होते. दोन्ही संघांनी दहा-दहा खेळाडू आलटून पालटून उतरविले तर एका संघाचे पाचांचे गट २५२ होतात आणि दोन संघांच्या गटांच्या गाठी ६३,५०४! हे गणित आमच्या अवंतीला नवे नाही. वराहमिहिराने बृहत्संहितेत सोळा सुगंधी द्रव्यांतून चार-चार निवडण्याचे १,८२० प्रकार सांगून ठेवले आहेत. निवडी किती होतात हे तो जाणत होता, आणि म्हणूनच एकदोन निवडी हुंगून साऱ्या सुगंधांविषयी बोलणे त्याला रुचले नसते.

“पण मामा,” भाचा म्हणाला, “नऊपैकी सात जिंकलो ते?” मी म्हटले, “शंभर मुलांना नऊ-नऊ वेळा नाणे उडवायला सांग. त्यांतली सरासरी नऊ मुले सात किंवा अधिक वेळा बरोबर सांगतील, आणि त्या नऊ जणांना आपण ज्ञानी आहोत असेच वाटेल.”

यावर तो हसला. पण त्याला पटले नाही, हे मला दिसत होते. जाताना म्हणाला, “नळानेसुद्धा अक्षहृदय शिकून राज्य परत मिळविलेच की!” आणि वही घेऊन तो गेला.

संक्रांतीला तो आला तेव्हा तिळगूळ देताना माझ्याकडे पाहीना. रात्री जेवणे झाल्यावर ओसरीवर बसून त्याने सारे सांगितले. सत्राच्या शुल्कासाठी माझ्या बहिणीने भिशीतून उचलून दिलेले बावीस हजार रुपये गेले होते. एकदम गेले नव्हते; थोडे थोडे, जिंकत-हरत गेले होते. आईला अजून ठाऊक नव्हते.

मी रागावलो नाही. रागावण्याची ती वेळ नव्हती. मी त्याला एवढेच विचारले, “पैज कोणत्या भावाने लावीत होतास?” तेव्हा जे त्याने सांगितले ते, श्रोतेहो, जरा लक्षपूर्वक ऐका, कारण या व्यवहाराचे सारे मर्म तेथे आहे.

कोण जिंकेल एवढेच या पैजेत सांगावयाचे नसते. संघ विषम असले की सट्टेवाला बलिष्ठ संघाच्या गुणांतून आधीच काही गुण वजा करतो. सात गुण वजा असतील तर बलिष्ठ संघ आठ गुणांनी जिंकला तरच त्याच्यावर लावणारा जिंकला. आमचा वस्ताद तुल्यबळ पोरे निवडून जोड लावी. सट्टेवाला विषम जोडी घेऊन आकड्याने ती तुल्यबळ करतो. आणि तो आकडा ठरविताना उंची, दुखापत, प्रवास, कोण कोणाला अडविणार, हे सारे त्याने आणि त्याच्यासारख्या शेकडो तज्ज्ञांनी आधीच हिशेबात धरलेले असते. भाच्याने पहाटे उठून जे शोधले होते, ते भावात अगोदरच मुरलेले होते! तेव्हा खरा प्रश्न ‘ही जोड कशी आहे’ हा उरत नाही. ‘जे मला ठाऊक आहे ते भाव ठरविणाऱ्याला ठाऊक नाही काय’ हा उरतो. याचे प्रामाणिक उत्तर बहुधा एकच असते.

त्यावर त्याची दलाली. ११० रुपये लावावे तेव्हा जिंकल्यास १०० मिळावयाचे, असा तो भाव. शंभर पैजांत पन्नास जिंकल्या तर मिळाले ५,००० आणि गेले ५,५००. बावन्न जिंकल्या, म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा बरोबर ठरलो, तरी मिळाले ५,२०० आणि गेले ५,२८०. नुकसान टाळावयाचे तर शंभरात साडेबावन्न वेळा तरी बरोबर यावे लागते. कोणी चोपन्न वेळा बरोबर आला तर ३४० रुपये पदरात पडतील. पण निव्वळ नाणेफेकीनेही शंभरात चोपन्न किंवा अधिक येण्याचा संभव चारांत एक असतो. हे कौशल्य की योगायोग, एवढे ओळखण्यासाठीच सहाशेहून अधिक पैजांचा हिशेब हवा. तोवर किती भिशा बुडाव्या?

आणखी एक गोष्ट. या गणितात आपण सारे प्रामाणिकपणे खेळत आहेत असे गृहीत धरले. १९५१ साली अमेरिकेत महाविद्यालयीन बास्केटबॉलचे मोठे प्रकरण उघडकीस आले. त्यातले खेळाडू पैसे घेऊन विजयाचे अंतर हवे तसे कमी करीत. सामना जिंकून दाखवायचा आणि पैज मात्र हरवायची! २०१८ च्या मे महिन्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरील पैजांना मनाई करणारा केंद्रीय कायदा रद्द केला आणि राज्यांना वाट मोकळी झाली. २०२४ च्या एप्रिलमध्ये जॉन्टे पोर्टर या खेळाडूवर त्या लीगने आजन्म बंदी घातली. आपल्या प्रकृतीची गुप्त माहिती त्याने पैजवाल्यांना दिली होती आणि एका सामन्यातून आजाराचे निमित्त सांगून तो तीनेक मिनिटांतच बाहेर पडला होता. वहीत त्याच्या नावासमोर कोणीही कितीही बारकाईने जोड लिहिली असती, तरी काय उपयोग?

हे सारे ऐकून झाल्यावर भाच्याने हळूच विचारले, “मग कळत असूनही मी थांबलो का नाही?” या प्रश्नाला गणितात उत्तर नाही. ते आमच्या उज्जयिनीच्याच एका नाटकात आहे. शूद्रकाच्या मृच्छकटिकात संवाहक नावाचा एक गृहस्थ आहे. तो पाटलिपुत्राचा, अंग चेपण्याची कला शिकलेला, येथे येऊन चारुदत्ताच्या पदरी राहिला. चारुदत्ताला दारिद्र्य आले, तेव्हा तो द्यूताकडे वळला आणि दहा सुवर्णमुद्रा हरला. देणे चुकविण्यासाठी तो एका ओसाड देवळात शिरून मूर्तीसारखा स्तब्ध उभा राहिला. पाठलाग करणाऱ्या माथुराने आणि त्याच्या सोबत्याने काय करावे? त्यांनी त्याच्यासमोरच फासे मांडले! प्राण वाचवू पाहणारा तो मनुष्य फाशांचा आवाज ऐकून स्वतःला आवरू शकला नाही आणि पुढे येऊन पकडला गेला. आज देवळाची गरज नाही आणि माथुराचीही नाही. फासे खिशातल्या फोनमध्येच वाजत असतात. शूद्रकाने संवाहकाला मूर्ख रंगविलेले नाही, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तो सुस्वभावी आहे, गुणी आहे. वसंतसेनेने आपले कंकण देऊन त्याला सोडविले. तो भिक्षू झाला आणि पुढे त्यानेच तिचे प्राण वाचविले.

आणि नळाची गोष्ट भाच्याने अर्धीच सांगितली होती. ऋतुपर्ण राजाने धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे किती ते सांगितले. पण नळाने त्याच्यावर विश्वास ठेवून फासे उचलले नाहीत. राजाला घाई असतानाही त्याने रथ थांबविला, खाली उतरून मोजले, आणि मग ती विद्या मागितली. आधी मोजणी, मग विद्या. मी भाच्याला म्हणालो, “तूही रथ थांबव. हंगाम संपेपर्यंत एक पैसा न लावता शंभर सामन्यांची भाकिते लिही. वजा केलेल्या गुणांसकट, सामन्याच्या आधी, शाईने. खाडाखोड चालणार नाही.”

त्याने शब्द पाळला. आईलाही त्याच आठवड्यात स्वतः सांगितले. माझी बहीण दोन दिवस बोलली नाही. मग तिने शुल्काची सोय केली आणि फेडण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकली. आता तो दोन मुलांच्या शिकवण्या करतो. एप्रिल २०२५ मध्ये वही पुरी झाली. शंभरात ५१ बरोबर. त्याच भावाने ५,१०० आले असते आणि ५,३९० गेले असते. बेरीज त्यानेच केली आणि खाली रेघ मारून वही माझ्याकडे ठेवावयास दिली.

त्यानंतर २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळून आपल्या देशात ऑनलाइन खेळांचा नवा कायदा झाला. पैसे लावून खेळावयाचे खेळ चालविणे आणि त्यांची जाहिरात करणे याला त्यात बंदी आहे. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद तेथे मानलेला नाही. कायदा हवाच. पण चोरवाटा बुजवूनही फाशांचा आवाज कानात राहतो, हे संवाहकाच्या देशबांधवांना वेगळे सांगावयास नको. भाचा आपल्या तोंडाने कबूल करतो की, पहाटे कधी जाग आली तर हात फोनकडे जातो. मला त्याचे हे कबूल करणेच मोलाचे वाटते.

गेल्या थंडीत तो सुटीवर आला असता मी त्याला फ्रीगंजातल्या एका मैदानावर पाहिले. शाळेतल्या मुलींचा बास्केटबॉलचा सराव चालला होता आणि तो कागद हातात घेऊन उभा होता. कोणती मुलगी कोणाला अडवील, हे तो ठरवीत होता. एका ठेंगण्या, चपळ मुलीला त्याने उंच मुलीसमोर उभे केले. पहिल्या अर्ध्या खेळात ते साफ फसले. त्याने कागदावर खूण केली, जोडी बदलली आणि त्या ठेंगणीला जवळ बोलावून काही समजावले. सामना त्या मुली चार गुणांनी हरल्या. पण परतताना ती पोरगी त्याला विचारीत होती, “दादा, पुढच्या खेपेला मी तिच्या कोणत्या हाताला उभी राहू?”

तेव्हा मला आमचा वस्ताद आठवला. जोड तो कोणाच्या पैशासाठी लावीत नसे. दोन्ही पोरांना काही शिकावयास मिळावे म्हणून लावी. तेथे हरणाऱ्याच्या पाठीला माती लागे, पण त्याच्या घरातले काही जात नसे. भाच्याची नजर आज तीच आहे, वहीही तशीच आहे. फक्त तिच्यात पैशाचा रकाना नाही.